भाडेपावतीतली मुंबई

मुंबईवरील मराठी साहित्य वाचताना आणि वर्गात शिकवताना एक साधा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही : या माणसांचे घरभाडे किती होते? चाळीचा कठडा, सामाईक नळ, गच्चीवरची कोजागिरी, शेजारणींची भांडणे आणि त्यांचा समेट यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाने तर चाळ ही मराठी मनाची एक कायमची वस्ती करून टाकली. परंतु बेताच्या पगाराची ही माणसे शहराच्या ऐन मध्यभागी राहू कशी शकली, मालक त्यांना बाहेर का काढू शकत नव्हता, आणि तोच मालक गळके छप्पर दुरुस्त का करीत नव्हता, हे तीन प्रश्न आपण विनोदाच्या किंवा स्मरणरंजनाच्या ओघात सोडून देतो. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कागदावर सापडते. तो कागद म्हणजे भाडेपावती.

कोणत्या भागात किती भाडे, याचे तक्ते वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. मलबार हिल, वांद्रे, दादर, मुलुंड, बोरिवली, विरार अशी उतरती भाजणी त्यांत असते, आणि समुद्रापासून व कचेऱ्यांपासून जसजसे दूर जावे तसतसे भाडे कमी होते, असा साधा नियम वाचकाच्या मनात ठसतो. हा नियम खोटा नाही. पण प्रत्येक वस्तीला एकच भाडे असते, असे तो गृहीत धरतो आणि मुंबईच्या बाबतीत नेमके हेच गृहीत फसते. गिरगावातील एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन खोल्यांपैकी एकीचे मासिक भाडे शंभर-दोनशे रुपये आणि दुसरीचे त्याच्या शंभरपटीहून अधिक असू शकते. हा फरक जागेच्या प्रतीतून आलेला नाही. तो कोठून आला, हे समजण्यासाठी शतकभराचा इतिहास पाहावा लागतो आणि तो पाहिला की मुंबईविषयक साहित्याचे आपले वाचनही थोडे बदलते, असे आम्हांस वाटते.

१. जागा, बिऱ्हाड, पागडी

आरंभ शब्दांपासून करू. मुंबईचा मराठी माणूस आपल्या निवाऱ्याला पुष्कळदा ‘घर’ म्हणत नाही, ‘जागा’ म्हणतो. ‘त्याला परळला जागा आहे’, ‘लग्न ठरले, पण जागेचे काय?’ ही वाक्ये मुंबईबाहेरच्या माणसाला किंचित विचित्र वाटतील. त्याच्या लेखी घर कोकणात किंवा घाटावर असते आणि मुंबईत असते ती जागा. ‘बिऱ्हाड’ हा शब्दही असाच. त्यात संसार आहे, पण मालकी नाही. विंचवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड ही म्हण भाडेकरूच्या अस्थिरतेचे जुने वर्णनच होय. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या जुन्या भाडेकरूइतका स्थिर माणूस दुसरा नव्हता. तीन-तीन पिढ्या एका खोलीत गेल्या, तरी आपण त्याला बिऱ्हाडच म्हणत राहिलो.

‘पागडी’ या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. डोक्यावरचे मानाचे वस्त्र हा मूळ अर्थ. मालकाचा मान म्हणून द्यावयाची रक्कम, असा त्याचा विस्तार झाला, आणि पुढे तर ‘पागडीची जागा’ हा मालकी आणि भाडे यांच्या मधला एक स्वतंत्र प्रकारच रूढ झाला. भाषेने इतका खास शब्द घडवावा, एवढी ती व्यवस्था लोकांच्या आयुष्यात भिनली होती.

२. कामाच्या दाराशी राहण्याची किंमत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईची वस्ती कोट आणि कोटाबाहेरचे गावठाण अशी विभागलेली होती. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथातून त्या काळच्या गजबजाटाची चांगली कल्पना येते. ते पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर भरली. पुढच्याच वर्षी ती तेजी कोसळली आणि १८७२ च्या गणनेत आकडा ६ लाख ४४ हजारांवर आला. मुंबईत माणसे आणि भाडी व्यापाराच्या भरतीओहोटीबरोबर वरखाली होत, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते.

पुढच्या काळात गिरण्या वाढल्या आणि भायखळा, परळ, लालबाग, शिवडी, वरळी या पट्ट्याला गिरणगावाचे रूप आले. येथील भाड्याचे गणित मलबार हिलच्या उलट होते. टेकडीवरचा धनिक हवेसाठी, दृश्यासाठी आणि गर्दीपासून दूर राहण्यासाठी पैसे मोजत होता. कामगार पैसे मोजत होता तो गर्दीत राहण्यासाठी. बदली कामगाराला पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागे, जॉबरच्या नजरेत असावे लागे, आणि वाण्याकडची उधारी ओळखीवर मिळत असे. दूरची हवेशीर खोली स्वस्त असूनही त्याच्या उपयोगाची नव्हती. यामुळे काळोख्या दहा बाय बारा खोलीलाही मागणी राहिली. १९११ च्या जनगणनेत शहरातील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे आढळले. चौरस फुटाच्या हिशेबाने पाहिले तर गरिबाची जागा स्वस्त कधीच नव्हती. ती फक्त लहान होती.

या लहानपणावरही लोकांनी उपाय शोधले. कोकणातील एकेका गावाच्या मंडळाने गिरणगावात खोली घ्यावी, गावच्या सगळ्या एकट्या पुरुषांनी तेथे वळकट्या ठेवाव्या, आणि दिवसपाळीच्या माणसाने टाकलेल्या अंथरुणावर रात्रपाळीच्या माणसाने येऊन पडावे, ही रीत सर्वपरिचित आहे. धोबीतलाव आणि माझगाव परिसरातील गोवेकरांचे ‘कूड’ हे त्याचेच भावंड. बोटीवर खलाशी, स्वयंपाकी किंवा वाजंत्री म्हणून जाणाऱ्या गोव्याच्या माणसाला आपल्या गावाच्या कुडात अगदी अल्प वर्गणीत पथारी आणि ट्रंक ठेवण्याइतकी जागा मिळे. येथे भाडे खोलीचे नसून अंथरुणाचे होते. वस्त्यांच्या कोणत्याही तक्त्यात हा दर सापडणार नाही. खाणावळ चालविणाऱ्या गिरणगावातल्या बायकांचा हिशेबही या भाड्यातच धरावा लागेल. कारण एकट्या पुरुषाचे बिऱ्हाड त्यांच्या चुलीवर चालत होते.

३. प्लेग, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि नव्या वस्त्या

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या निदर्शनास आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि नव्या चाळी व वसाहती वसविणे, असे दुहेरी काम या ट्रस्टकडे होते. पहिले काम वेगाने झाले, दुसरे रेंगाळले. नागपाड्यासारख्या भागांत जुनी घरे पडली आणि विस्थापितांनी शेजारच्या गल्ल्यांत दाटी केली. तेथे भाडी चढली. आरोग्यासाठी केलेल्या योजनेमुळे गरिबाची खोली महाग व्हावी, हा विरोधाभास शहराच्या इतिहासात पुढे वारंवार आढळतो.

ट्रस्टचे टिकाऊ यश दादर-माटुंग्याच्या योजनांत दिसते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स आणि माटुंग्याचा दाक्षिणात्य परिसर ही त्या योजनांची फळे. निखिल राव यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या भागातील ‘फ्लॅट’ या घरप्रकाराचा उदय तपशिलाने मांडला आहे. चाळीच्या खोलीहून फ्लॅट वेगळा ठरला तो मुख्यतः एका गोष्टीने : संडास घराच्या आत आला. वरच्या जातींच्या कुटुंबांना हे प्रथम सहजी पटले नव्हते, शुचितेच्या कल्पना आड येत होत्या. कालांतराने मात्र ‘सेल्फ-कंटेन्ड’ हेच प्रतिष्ठेचे विशेषण झाले. गिरगावची खोली आणि दादरचा ब्लॉक यांच्या भाड्यातील अंतर हे दोन वस्त्यांमधील अंतर होतेच, परंतु त्याहून अधिक ते सामाईक आणि खाजगी जगण्यातील अंतर होते. आपल्या कथाकादंबऱ्यांत ‘गिरगावातून दादरला गेलेले’ कुटुंब किंचित थंड आणि अलिप्त का रंगविले जाते, याचे एक कारण या अंतरात शोधता येईल.

४. बीडीडी : मध्यमवर्गाआधीची सरकारी चाळ

पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली आणि भाडी इतकी वाढली, की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. पाठोपाठ गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता, आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या.

या खोल्या प्रथम बऱ्याच प्रमाणात रिकाम्या राहिल्या, हे आज आश्चर्यकारक वाटेल. वरळी तेव्हा गिरणीच्या दारापासून दूर होती, खोल्या कोंदट होत्या आणि कामगाराला परवडेल असे भाडे ठेवले तर सरकारचा बांधणीखर्च निघत नव्हता. वरळीच्या चाळींचा उपयोग सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना डांबण्यासाठीही झाला. घर आणि तुरुंग यांची बांधणी इतकी सारखी असावी, यावर वेगळे भाष्य नको. पुढे याच चाळी भरल्या, त्यांत शाहिरी रंगली, कामगार चळवळ वाढली आणि दलित चळवळीच्या अनेक बैठका झाल्या. सरकारी मालकाचे भाडे हे जात पाहून ठरत नव्हते, हे त्यामागचे एक कारण असावे. त्याचा विचार पुढे करू.

५. सालाचे भाडे

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच घडले. १९३९ आणि १९४४ च्या कायद्यांनंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्यातील एक कलम मुंबईच्या पुढील अर्धशतकाचे भवितव्य ठरविणारे होते. १ सप्टेंबर १९४० या दिवशी जागेचे जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ मानले गेले. त्या दिवसानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे हे तिचे प्रमाण भाडे. कर वगैरेंपोटी होणाऱ्या किरकोळ वाढी सोडल्यास भाडे तेथेच थांबले.

याचा परिणाम नीट लक्षात घेतला पाहिजे. शिवाजी पार्कजवळ १९३८ साली बांधलेल्या इमारतीतील दोन खोल्या आणि तिच्या शेजारी १९५५ साली बांधलेल्या इमारतीतील तितक्याच दोन खोल्या यांची भाडी वेगळी झाली, आणि तो फरक पुढे गोठून राहिला. भाडे जागेचे न राहता सालाचे झाले. वस्तीवस्तीची तुलना या बिंदूपासून निरर्थक होऊ लागली. मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर राहणारा जुना भाडेकरू उपनगरातील नव्या भाडेकरूहून कमी भाडे देऊ लागला.

हा कायदा झाला तेव्हा त्याची निकड खरी होती. १९४१ मध्ये सुमारे १५ लाखांचे असलेले बेटावरील शहर १९५१ मध्ये २३ लाखांचे झाले. फाळणीनंतर आलेले निर्वासित, युद्धकाळात वाढलेले कामगार आणि थांबलेले बांधकाम या परिस्थितीत कायदा नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत शतकाच्या अखेरीपर्यंत चालत राहिला.

कायद्याने आणखी एक गोष्ट केली. मूळ भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळाला. म्हणजे वारसा हवा असेल तर खोलीतच राहिले पाहिजे, रेशनकार्डावर नाव टिकविले पाहिजे. थोरला उपनगरात गेला, धाकटा म्हाताऱ्या आईजवळ राहिला आणि पुढे दोघांत वितुष्ट आले, ही गोष्ट मराठी कथेत आपण भावनेच्या अंगाने वाचत आलो आहोत. तिला कायद्याचेही एक अंग आहे. एका खोलीतील एकत्र कुटुंब हे केवळ संस्कारांनी एकत्र नव्हते. ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटातील, आणि त्यावरून निघालेल्या ‘पिया का घर’ (१९७२) या हिंदी चित्रपटातील, नवदांपत्याला न मिळणारा एकांत हा या भाडेव्यवस्थेचाच उपसर्ग होता.

६. पागडीचे अर्थशास्त्र

भाडे गोठले, पण जागेची किंमत गोठली नाही. या दोहोंतील फरक कोठेतरी वाहून जाणे भाग होते. तो पागडीत वाहिला. जागा सोडणारा भाडेकरू नव्याकडून मोठी रक्कम घेई आणि भाडेपावती नव्याच्या नावे करून देण्यासाठी मालक त्यातील साधारण तिसरा हिस्सा घेई. १९४७ च्या कायद्यानुसार हा व्यवहार गुन्हा होता. तरी तो शहरभर, सर्वांच्या देखत, चोख चालत राहिला. अशा रीतीने वस्त्यांच्या तुलनेचा खरा आकडा भाडेपावतीवरून उडाला आणि कोठेही न लिहिल्या जाणाऱ्या रोख रकमेत गेला. अभिलेखागारात बसून मुंबईच्या भाड्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ही मोठीच अडचण आहे. या बाबतीत सरकारी दप्तरापेक्षा कथाकादंबऱ्या अधिक विश्वासार्ह साधन ठरू शकतात, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी हे साधन अद्याप हाताळलेले नाही.

दुसरीकडे, दहावीस रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करीना. त्याच्या कंजूषपणावर आपण पुष्कळ विनोद केले, पण हिशेब त्याच्याही बाजूने पाहिला पाहिजे. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन होऊन भाडेकरूंवर उपकर बसला. बेटावरील सुमारे १९ हजार इमारती ‘उपकरप्राप्त’ ठरल्या. हे काम पुढे म्हाडाकडे आले. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. गोठलेल्या भाड्याची किंमत अशी अधूनमधून एकदम वसूल होते.

मालकांनी दुसरी वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू ठेवायचाच नाही, केवळ वापराची परवानगी द्यायची. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी असे परवानाधारक म्हणून राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांना तो मिळाला त्यांचे भले झाले. पण त्यानंतर मालकवर्गाने धसका घेतला. अकरा महिन्यांचा करार, भरभक्कम डिपॉझिट, आणि ‘कंपनीलाच देऊ’, ‘बदलीच्या सरकारी नोकरालाच देऊ’ असा आग्रह रूढ झाला. अनेकांनी जागा कुलूप लावून ठेवणे पसंत केले. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. देशातील शहरी घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात भाडे गोठविण्याची ही पद्धत कालबाह्य आणि अवाजवी ठरविली. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यावर दरवर्षी चार टक्के वाढ, बँका व मोठ्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळणे, करारनाम्याची सक्तीची नोंदणी, आणि पागडीला कायदेशीर मान्यता, हे त्याचे मुख्य विशेष. दहा रुपयांवर चार टक्के वाढ म्हणजे किती, हे सांगावयास नको. मालक-भाडेकरूंचे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चालतच राहिले, वादी-प्रतिवादींच्या जागी त्यांचे वारस उभे राहू लागले.

७. रुपयांत न मोजले जाणारे भाडे

आतापर्यंत आम्ही असे लिहिले, की जणू पैसे असले म्हणजे जागा मिळते. भाड्याच्या कोणत्याही तक्त्यातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना भाडे देण्याची ऐपत असूनही राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. तेच बाबासाहेब मुंबईत दीर्घकाळ राहिले ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत. खाजगी मालक जात विचारीत असे, ट्रस्टचा कारकून भाडे विचारीत असे. या फरकाचे मोल कोणत्या चलनात मांडावे? पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, तेव्हा भाडेकरू आणि मालक हा प्रश्नच त्यांनी आपल्यापुरता निकालात काढला.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा आपण अभ्यासक्रमात शिकवितो. कथा मुंबईत घडत नाही, रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत उधन्याला गेलेल्या मुंबईच्या तरुणाची ती कथा आहे. पण तिच्यातील पेच भाड्याच्या खोलीभोवती फिरतो. खोली हवी तर जात लपवावी लागते. ‘बटाट्याची चाळ’ आणि ही कथा यांच्यामध्ये अवघ्या पाच वर्षांचे अंतर आहे. एका पुस्तकात जागा आहे म्हणून विनोद शक्य होतो, दुसरीत जागा नाही म्हणून नाव-गावसुद्धा जपून उच्चारावे लागते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकविली तर मराठीतील निवाऱ्याच्या प्रश्नाचा पूर्ण पट दिसेल.

जातीची ही भिंत सहकाराच्या रूपानेही उभी राहिली. १९१५ साली गावदेवीस स्थापन झालेली सारस्वत गृहनिर्माण संस्था ही सहकारी गृहनिर्माणातील अग्रणी संस्था. तिचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे, आणि एका ज्ञातीने आपल्यातील बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधावीत यात गैर काही नाही. पण ज्ञातीनिहाय वसाहत हा नमुना पडला की दारावरची पाटी भाड्याहून प्रभावी ठरते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व समाजापुरते मर्यादित ठेवणारा नियम वैध ठरविला. मुसलमान कुटुंबाला, एकट्या स्त्रीला, मांसाहाऱ्याला मुंबईत दलाल कोणत्या वस्त्या दाखवितो आणि कोणत्या दाखवीत नाही, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्यासाठी शहराचा नकाशा निम्मा पुसलेला असतो, आणि उरलेल्या निम्म्यात भाडे चढे असते.

८. रुळांवरचे भाडे

१९२५ साली कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली, आणि घरभाड्याचा एक भाग रेल्वेच्या पासात विभागला गेला. बेटावर गोठलेल्या भाड्याची जागा उपलब्धच नसल्याने नव्याने संसार मांडणारा डोंबिवली, ठाणे, बोरिवली आणि पुढे विरार-बदलापूर असा सरकत गेला. वांद्रे पश्चिमेच्या दोन खोल्यांच्या सदनिकेच्या एका महिन्याच्या भाड्यात विरारच्या तेवढ्याच सदनिकेचे कित्येक महिन्यांचे भाडे भागते. पण विरारहून चर्चगेट साठेक किलोमीटर आहे. रोजचे तीन-चार तास गाडीत जातात आणि ते तास पावतीवर येत नाहीत. स्त्रीच्या बाबतीत तर पहाटेचा स्वयंपाक त्याला जोडावा लागतो. वर्गात मागच्या बाकावर डुलकी घेणाऱ्या विद्यार्थ्याचा पत्ता विचारला, तर उत्तर बहुधा शेवटच्या दोन-तीन स्थानकांपैकी असते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

ज्यांना तेही परवडले नाही त्यांनी कामाच्या जवळ राहण्याचा जुना मार्ग धरला. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के वस्ती झोपडपट्टीत होती. तेथेही डिपॉझिट आहे, तेथेही भाडे आहे, मोठी रक्कम एकदम देऊन भाडे न देण्याचा ‘हेवी डिपॉझिट’चा व्यवहारही आहे. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबऱ्यांना आपण ‘झोपडपट्टीचे साहित्य’ असा वेगळा कप्पा दिला. वास्तविक त्या आणि चाळीचे साहित्य एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. आत असलेल्यांचे भाडे गोठले, म्हणून बाहेरून येणाऱ्यांचे चढले.

९. स्मरणरंजनापलीकडे

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे उत्पन्न संपले, पण भाडेपावती राहिली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील कुटुंबाजवळ खोली आहे आणि मिळकत नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, तेव्हा त्याच खोलीला एकाएकी मोल आले. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या रहिवाशाला ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. पुनर्विकसित मनोऱ्यांत भाडे नसते, मेन्टेनन्स असतो. अनेक ठिकाणी तो जुन्या भाड्याच्या कैक पटींनी अधिक असतो आणि तो न झेपल्याने जागा विकून कल्याणपलीकडे गेलेली कुटुंबे शोधण्यास दूर जावे लागत नाही.

चाळी नाहीशा होत असताना त्यांच्यावरील हळवे लेखन वाढत आहे. त्या लेखनात शेजारधर्म आहे, सण आहेत, उघडी दारे आहेत, आणि हे सारे मराठी स्वभावाचे फळ म्हणून सांगितले जाते. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. गिरगाव-दादर-परळ येथील ग्रंथालये, नाट्यमंडळे, व्यायामशाळा, वाचक आणि श्रोते यांना टिकवून धरणारी एक अदृश्य देणगी होती, ती म्हणजे गोठलेले भाडे. पगारातील फार थोडा हिस्सा निवाऱ्यावर जात होता, म्हणून संध्याकाळ मोकळी होती आणि वर्गणी देता येत होती. ही देणगी मालकाच्या खिशातून, इमारतीच्या आयुष्यातून आणि नंतर येणाऱ्यांच्या वाट्यातून दिली गेली. ज्यांना ती मिळाली त्यांत जातीने व जन्मसालाने सुदैवी असणारे अधिक होते.

याचा अर्थ ते साहित्य कमी प्रतीचे ठरते असा मुळीच नाही. विनोदाला किंवा कारुण्याला भाडेपावती मागणे हा रसिकतेचा मार्ग नव्हे. मात्र पात्राचे आडनाव, बोली आणि नोकरी यांची आपण जशी नोंद घेतो, तशी त्याच्या जागेच्या सालाची आणि भाड्याची नोंद घेण्यास हरकत नसावी. मुंबईवरील एखादी कादंबरी वर्गात लावताना, यातील कोण पावतीवर आहे, कोण पोटभाडेकरू आहे, कोण अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि कोणाला जागा नाकारली गेली आहे, एवढे चार प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावेत. ज्यांच्या घरी आजोबांच्या नावाच्या जुन्या भाडेपावत्या अजून ट्रंकेत पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत टाकू नयेत. त्यावरचे साल, खोली क्रमांक आणि रक्कम एका वहीत उतरवून घेतली तरी या शहराच्या वाङ्मयीन इतिहासाचे एक साधन वाचेल.